वाढप्याला ‘हो’ म्हणण्याआधी

जन्म गिरगावातला, शाळा ठाकुरद्वारला आणि चाळीत अर्धी बिऱ्हाडं गुजराती. त्यामुळे काळबादेवीतल्या भोजनालयांच्या जिन्यात येणारा हिंग-तुपाचा वास मला कळायला लागल्यापासून ओळखीचा आहे. पुढे लग्न होऊन ठाण्याला गेले, नोकरी फोर्टात केली, आणि पाहुणे आले की त्यांना गुजराती थाळी खाऊ घालायचं काम घरात माझ्याकडे आलं ते आजतागायत. दीर-नणंदा, व्याही, ऑफिसातली मंडळी, अमेरिकेहून आलेला भाचा, सगळ्यांना जेवताना पाहिलं. हवं तितकं वाढणाऱ्या ठिकाणी माणूस कसा चुकतो आणि कसा सुखाने जेवतो, याबद्दल माझी काही ठाम मतं होऊन बसली आहेत. पटतील तेवढी घ्यावीत.

१. उपाशी जाऊ नये.

थाळी खायची म्हणून सकाळचा चहासुद्धा न घेता येणारे महाभाग असतात. माझा एक मावसभाऊ नाशिकहून असाच यायचा, आदल्या रात्रीपासून ‘जागा करून’. ताट पुढ्यात आलं की हा ढोकळ्यावर तुटून पडणार, पाठोपाठ टम्म फुगलेल्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, आणखी पुऱ्या. खरं जेवण रंगात यायच्या वेळी हा मागे रेलून पंख्याकडे बघत बसलेला! पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात म्हणतात. कळवळलेला माणूस त्या वीस मिनिटांत हाताला लागेल ते पोटात ढकलतो, आणि थाळीत हाताला आधी लागतं ते तळलेलं. सकाळी नऊच्या सुमारास बशीभर पोहे खावेत आणि एकच्या पुढे जाऊन बसावं. रांगेत उभं राहायला तेवढा आधारही होतो.

२. जागा पारखायची ती फुलक्यावर.

मॉलमधल्या थाळ्या वाईट असतात असं नाही. तिथे गाडी लावायला जागा मिळते, लिफ्ट असते, म्हाताऱ्या माणसांची सोय होते. पण माझा ओढा जुन्या, जिना चढून जायच्या जागांकडे. दादीशेठ अग्यारी लेनमधलं श्री ठाकर भोजनालय १९४५चं. काळबादेवी रस्त्यावरचा फ्रेंड्स युनियन जोशी क्लबही त्याच जुन्या घडणीचा. नाव क्लबाचं, आत बाकडी-टेबलं आणि ताटं. काळाघोड्याचं चेतना १९४६पासून आहे.

यातली काळबादेवीची भोजनालयं का निघाली ते ध्यानात घेतलं की तिथे काय खावं तेही कळतं. मुळजी जेठा मार्केटात कापडाचा धंदा, पलीकडे झवेरी बाजार, कापसाचे सौदे. सौराष्ट्र-कच्छकडून आलेले गुमास्ते, दलाल, नवशिके व्यापारी इथे एकटे राहायचे, बायकामुलं गावी. त्यांना दोन वेळचं घरासारखं, शुद्ध शाकाहारी जेवण हवं होतं, आणि महिन्याच्या हिशेबाने हवं होतं. आपल्या गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांसाठी घराघरांतल्या बायका खानावळी चालवायच्या, तीच गरज. त्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. काळबादेवीच्या खानावळीला मात्र शेटजींचाही पाय लागला, आणि हळूहळू ताटातले पदार्थ वाढत गेले.

म्हणजे बासुंदी, कचोऱ्या, दोन-दोन मिठाया हा सगळा नंतर चढलेला साज. मूळ जेवण फुलका, डाळ, भाजी, भात आणि ताक. रोज जेवणाऱ्या माणसाला फसवता येत नाही, म्हणून या जागांनी ते मूळ जेवण सांभाळलं. नव्या ठिकाणी गेले की मी आधी फुलका बघते. पातळ आहे का, दोन्ही पदर सुटलेत का, आणि हातात घेतल्यावर वाफ येते का. फुलका चामट आणि मिठाया मात्र सहा, अशा जागी पुन्हा पाय ठेवत नाही.

३. पहिली फेरी बघायची, खायची नाही.

बसल्याबरोबर पहिली दोनेक मिनिटं नुसती धांदल असते. हात धुऊन टेकतो न टेकतो तोच एक जण लोणचं, छुंदा, हिरवी चटणी आणि काकडीची कोशिंबीर ताटाच्या वरच्या कडेला टाकून जातो. त्याच्या मागून चार खणांचं भांडं घेतलेला भाजीवाला: एक बटाटा, एक हिरवी पालेभाजी किंवा भेंडी-तोंडली, एक कडधान्य, एक रसभाजी. मग डाळ आणि कढी. मग फरसाण: ढोकळा, खांडवी, पात्रा, कधी हांडवो, थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची लिलवा कचोरी. मग मिठाईवाला. शेवटी पुरी, फुलका, थेपला. कप्तान कोपऱ्यात उभा राहून बोटांनी खुणा करत असतो. कुठल्या टेबलावर काय संपलं ते वाढप्यांना न बोलता कळतं.

या धांदलीत माणूस सगळ्याला ‘हो, हो’ म्हणत सुटतो. ताट भरतं, आणि भरलेलं ताट संपवायची आपली शिकवण आडवी येते. पानात टाकायचं नाही, हे आपल्याला आईने कानाला धरून शिकवलेलं असतं. ते बरोबरच आहे. म्हणून आवरायचं ते वाढून घेतानाच. मी प्रत्येक भाजी चमचाभर घेते, फरसाण एकेकच, आणि मिठाईवाल्याला सरळ सांगते, “नंतर या.” तो तोंड वाकडं करतो, पण येतो. चमचाभर चाखून ज्या दोन भाज्या आवडल्या त्याच पुन्हा मागवायच्या, बाकीच्यांना रजा. चारही भाज्या सारख्याच उत्तम झाल्या आहेत असं माझ्या बघण्यात नाही. एक तरी कालच्या ग्रेव्हीतलं पनीर असतंच.

४. तूप कशावर घ्यायचं ते आधी ठरवावं.

श्रीमंत जेवण म्हणजे काय, तर तूप. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर.

आपल्याकडे वरणभातावर तूप येतं ते चमच्याने, आणि चमचा धरणारा हात आईचा किंवा सासूचा असल्यामुळे तो मोजका असतो. थाळीच्या जागी तूपवाला वेगळा असतो. त्याच्या हातात तोटीचं छोटं भांडं, आत कोमट पातळ तूप. फुलका ताटात पडतो न पडतो तोच भांडं कलतं, मनगट एकदा गोल फिरतं, आणि फुलक्याच्या मधोमध पिवळं तळं तयार. थांबा म्हणेपर्यंत तो पुढच्या ताटावर. त्याचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. कोरा फुलका पाहुण्यासमोर जाणं त्या घराला कमीपणाचं वाटतं.

आता जरा हिशेब. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश, ग्रॅमला नऊ कॅलरी. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास बसतात. खालचा पातळ फुलका बिचारा सत्तर-ऐंशीचा. म्हणजे तुपाने भिजलेला फुलका खाताना आपण फुलक्यापेक्षा तूप जास्त खात असतो. हे ऐकून कुणी तूप सोडावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. तूप सोडायचं असेल तर इथे यायचंच कशाला, घरी मुगाचं कढण आहे. माझं म्हणणं एवढंच की ते जिथे खुलतं तिथे घ्यावं, जिथे नुसतं वाहून जातं तिथे हात आडवा करावा.

खुलतं कुठे? एक, बाजरीच्या रोटल्यावर, सोबत गुळाचा खडा. रोटला खरखरीत, कोरडा. तो तूप पिऊन घेतो आणि गूळ त्यात विरघळतो. दोन, खिचडीवर. मऊ खिचडीच्या ढिगात बोटाने खळगा करायचा, त्यात तूप, वरून पातळ कढी. तीन, पुरणपोळीवर. त्यांची पुरणपोळी तुरीच्या डाळीची, लहान आणि जाड. आपल्या हरभऱ्याच्या डाळीच्या पोळीशी तुलना करून नाक मुरडणारे माझ्या सासरी पुष्कळ आहेत. त्यांनी ती तुपात बुडवून खाऊन बघावी, मग बोलावं. आणि पहिल्या फुलक्यावर, कारण तो पहिला. दुसऱ्यापासून कोरा फुलका मागवला तर कुणी हाकलून देत नाही, “कोरा द्या” म्हटलं की पुरे. पुरीवर तूप घेणारा माणूस मी एकदाच पाहिला. तो आमचा व्याही असल्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आणखी एक. गरम तुपाची चव गरमच असताना. गप्पा मारत फुलका ताटात गार होऊ दिला की तूप थिजून टाळूला चिकटतं, आणि मग त्याच्यासारखं जड दुसरं काही नाही. ज्यांना खूप बोलायचं असतं त्यांना मी चहाला बोलावते.

५. “सगळं गोडच असतं बाई” हे वाक्य घरी ठेवून जावं.

मराठी माणूस गुजराती डाळीचा पहिला घास घेतो आणि हमखास हेच म्हणतो. गंमत अशी की म्हणणाऱ्याच्या घरी आमटीत गूळ पडतोच, अळूच्या फतफत्यात तर चांगला भरभक्कम पडतो. फरक मापाचा आहे. त्यांच्या डाळीत गूळ जास्त, पण त्याला तोडायला कोकम किंवा लिंबू असतं, आलं-मिरची असते, मेथी-मोहरीची फोडणी असते, आणि दाताखाली यायला शेंगदाणे. चांगली डाळ आधी आंबट लागते, मग गोड, आणि शेवटी घशाशी तिखट. पहिल्याच लागल्या गोडावर निकाल देऊन मोकळं होणाऱ्यांना उरलेल्या दोन चवी भेटतच नाहीत.

सगळा गुजरात गोडही नाही. काठियावाडकडे चला: लसणाची लाल चटणी, भाजलेल्या वांग्याचा ओळो, शेव-टामेटा, लसणिया बटाटा. आमचे सासरे कोल्हापूरचे. त्यांना लसणाची चटणी आणि बाजरीचा रोटला मिळाला की बाकी ताटाकडे ते बघत नसत. बऱ्याच थाळ्यांत एखादी भाजी काठियावाडी वळणाची असते. तिखट काय आहे ते वाढप्याला विचारावं, लाजू नये. आणि चटणी मागून घ्यावी. सगळीकडे ती आपणहून येत नाही.

६. आग्रहाला उत्तर खुणेने द्यावं.

आपल्या जुन्या लग्नांत यजमान धोतराचा सोगा सावरत पंगतीतून फिरायचे, “अहो, एक तरी घ्या” म्हणत जिलबी पानात पडायचीच, आणि पैज लावून खाणाऱ्यांची नावं पुढे वर्षानुवर्षं निघायची. बुफे आला आणि ते सगळं संपलं. आता वाटीत काय आहे ते वाचून घ्यायचं आणि कोपरा गाठून उभ्याने खायचं. आग्रह करणारं माणूस उरलंय ते इथे, थाळीच्या ठिकाणी. “बेन, एक तो लेवी ज पडशे,” असं म्हणत तो पुरणपोळी ठेवतो, आणि पगारासाठी का होईना, कुणीतरी आपल्याला खा म्हणतंय याचं बरं वाटतं. माझी आई शेवटच्या काळात घरी चार घास जेवायची नाही, पण तिथल्या एका म्हाताऱ्या वाढप्याने “माजी, थोडं” म्हटलं की निमूट खायची.

पण आग्रहाचं शास्त्र शिकून ठेवावं. एका भोजनालयातला डुंगरपूरकडचा वाढपी आमचा चांगला ओळखीचा झाला होता. त्याला विचारलं, की माणूस खरंच नको म्हणतोय की वरवर, हे तुम्हाला कळतं कसं? तो म्हणाला, तोंडाकडे आम्ही बघतच नाही, हाताकडे बघतो. ताटावर आडवा धरलेला पंजा बोटं जुळवून असेल तर पुढे जायचं. बोटं फाकलेली असतील तर त्या फटीतून वाढायचं! तेव्हापासून मी आमच्या टेबलावरचे पंजे बघत असते. आमच्या घरातल्या बहुतेकांची बोटं फाकलेली असतात.

‘नको’पेक्षा ‘अर्धी’ हा शब्द जास्त कामाचा. अर्धी पोळी, अर्धी वाटी. वाढप्याचंही मन राहतं, आपलंही पोट.

७. ताक जपून.

पातळ, जिरं घातलेलं ताक मागाल तितकं येतं, आणि तळलेल्या घासांमागून तोंड साफ करायला त्याच्यासारखं काही नाही. पण दोन मोठे पेले रिचवले की खिचडीची जागा गेली. घोट-घोट घ्यावं. हिवाळ्यात लोणच्याशेजारी आंबेहळदीच्या चकत्या असतात, त्या सोडू नयेत. जड जेवणात तोंडाची चव पुन्हा ताळ्यावर आणायचं काम त्या उत्तम करतात.

८. महिना बघून जावं.

थाळी बारा महिने मिळते, पण ती दोनदाच भरात येते.

एकदा जानेवारीत, उत्तरायणाच्या आगेमागे, उंधियोसाठी. सुरती पापडी, कोनफळ, रताळी, छोटी वांगी, लहान बटाटे, कच्ची केळी, मेथीचे मुठिये, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि हिरव्या लसणाची पात. पापडी कोवळी आणि लसूण ओला, हे दोन्ही थंडीतच. मूळ पद्धतीत मडक्यात सगळं भरून मडकं उपडं घालतात आणि भोवती विस्तव करतात. आपल्या अलिबाग-रायगडकडे वालाच्या शेंगांची पोपटी अशीच लावतात. फक्त तिथे भांबुर्ड्याचा पाला असतो आणि बऱ्याचदा आत कोंबडीही. शहरातला उंधियो मोठ्या पातेल्यात, तेलाच्या हाताने होतो. तेलाचा हात सैल असणार हे गृहीत धरावं. कोनफळाची फोड दाबून बघा: बोटाने मोडली पण लगदा झाली नाही, तर स्वयंपाकघरात जाणतं माणूस आहे. सोबत पुरी आणि जिलबी घेतात. ती जिलबी मी उंधियो संपेपर्यंत ताटाबाहेर ठेवते. तिचा पाक भाजीत मिसळला की दोन्ही वाया.

दुसऱ्यांदा उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेनंतर पाऊस पडेपर्यंत, आमरसासाठी. मुंबईत रस हापूसचा की केसरचा, यावर घरं फुटतात. हापूस आमचा कोकणातला. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ साली, गीरच्या केसरला त्याआधीच, २०११ला. केसर हे नाव जुनागढच्या नवाबांनी १९३४ साली दिलं असं सांगतात, गराच्या केशरी रंगावरून. गिरगावकर म्हणून माझं मत कुठे झुकावं ते उघड आहे, पण रसाच्या बाबतीत मी फितूर आहे. कापून खायला हापूस. वाटीने प्यायला केसर. त्याचा रस पातळ, एकसारखा, आणि दुसऱ्या वाटीलाही तोंड मिटत नाही. हापूसचा रस पहिल्याच वाटीत पोट भरल्यासारखं करतो. वाटीत चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप घालतात. रस पचायला जड, म्हणून ही योजना, असं आमच्या चाळीतल्या काकी सांगायच्या. पचतो की नाही देव जाणे, चव मात्र वाढते.

त्या दिवसांत फजेतो मिळाला तर आधी तो मागवावा. कोयी आणि सालं धुवून निघालेलं पाणी किंवा थोडा रस, त्यात आंबट ताक आणि बेसन, वरून फोडणी. आंब्याची कढीच ती. आपल्या घरी कोयीच्या धुवणाचं सार होतं त्याची ही सख्खी बहीण. दोन्ही स्वयंपाकघरांतल्या बायकांनी कोयीला लागलेला गर वाया जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, एवढाच अर्थ. श्रीमंती थाळीतला हा सगळ्यात काटकसरी पदार्थ, आणि माझ्या मते सगळ्यात उंची.

मे महिन्यातल्या रविवारी जाऊ नये. जिन्यापासून रांग, आत घाई, आणि आपल्या खुर्चीमागे पुढच्या कुटुंबातलं कुणीतरी आपले घास मोजत उभं. मंगळवार-बुधवारी दुपारी रजा टाकून जावं. रजा त्याच कारणासाठी असते.

९. ‘पैसे वसूल’ हा विचार उंबऱ्याबाहेर ठेवावा.

मुंबईत बऱ्या थाळीला आज माणशी हजाराच्या आगेमागे पडतात. आकडा ऐकला की काही लोकांच्या जेवणाचा हिशेब होतो. भात-डाळ स्वस्त, म्हणून ती नको. मिठाई महाग, म्हणून ती चार वेळा. ऑफिसातले आमचे एक साहेब अंगूर बासुंदीच्या वाट्या ताटाशेजारी एकावर एक रचायचे आणि शेवटी मोजून दाखवायचे. मालकाला याने काहीच होत नाही. त्याचा हिशेब शंभर जणांच्या सरासरीवर बसवलेला असतो, त्यात असे दोन-चार वीर धरलेलेच असतात. त्यांची भरपाई माझ्यासारख्या, चमचाभर घेणाऱ्या बायका करतात.

पोट गच्च भरलं म्हणून नमकीन नको वाटतं आणि तरी गोडासाठी जागा निघते, याचा अनुभव सगळ्यांना आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली यावर संशोधन प्रसिद्ध केलं: जो पदार्थ खात असतो त्याचाच कंटाळा येतो, न खाल्लेल्याची ओढ तशीच राहते. दहा-पंधरा पदार्थांची थाळी म्हणजे या कंटाळ्याला फिरकूच न देण्याची तजवीज. म्हणून इथे ‘आता खाववत नाही’ असं शरीर सांगेल याची वाट बघत बसू नये. ते फार उशिरा सांगतं. मी खिचडी-कढी हा माझा शेवट ठरवून टाकला आहे. ती मागवली की पुढे काही नाही, मिठाईसुद्धा नाही. मिठाई जेवणाच्या मध्येच, फुलक्यांबरोबर खाऊन झालेली असते. गुजराती घरांत ती तशीच जेवणासोबत खातात. शेवटी गोड आणण्याची खोड हॉटेलांनी लावली.

ज्याला वाटीभरच जेवायचं आहे त्याला थाळीला नेऊ नये. एका ताटात दोघं जेवू देत नाहीत, उरलेलं बांधूनही देत नाहीत, आणि ते रास्त आहे. मधुमेह असलेल्या जाऊबाईंना मी सरळ चेतनासारख्या जागी नेते. तिथे सुटे पदार्थही मागवता येतात, नि दुसऱ्याचं ताट बघत झुरावं लागत नाही.

१०. नंतरचे दोन तास मोकळे ठेवावेत.

स्निग्ध जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं, म्हणून जडपणा संध्याकाळपर्यंत पुरतो. लगेच आडवं होऊ नये. बडीशेप तोंडात टाकावी आणि चालावं. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर एकदम चढत नाही, हे डॉक्टरही सांगतात. काळबादेवीतून मरीन लाइन्स स्टेशनचा पूल ओलांडला की समुद्र. कठड्यावर अर्धा तास बसावं, रात्रीचं जेवण रद्द झाल्याचं घरी फोन करून कळवावं.

परतीची गाडी मात्र विचार करून पकडावी, कारण बसायला जागा मिळाली की झोप अटळ. आम्हा ठाणेकरांची त्या बाबतीत चैन आहे: सीएसएमटीहून ठाणे लोकल घ्यायची, ती ठाण्यालाच संपते. कळवा-मुंब्र्याच्या मंडळींनी शेजारणीला आपलं स्टेशन सांगून ठेवावं.